रॉकफेलर सेंटर : एक उंच इमारत व तिच्या पायथ्याची जमीन

उंच इमारतीचें वर्णन करावयास बसलें म्हणजे लेखक बहुधा प्रथम तिचे मजले मोजूं लागतो. आपणहि तें काम आरंभींच उरकून घेऊं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावर, पांचवा व सहावा ॲव्हेन्यू ह्या दोन मोठ्या रस्त्यांच्या दरम्यान रॉकफेलर सेंटर नांवाचा इमारतींचा एक समूह आहे. त्यांतील मुख्य इमारत १९३३ सालीं उघडली. तिला ७० मजले गणले जातात व तिची उंची सुमारें ८५० फूट आहे. मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. तसले तीन मनोरे एकावर एक रचले तर जवळजवळ ही उंची भरेल. उंचीसंबंधानें याहून अधिक सांगण्यासारखें कांहीं नाहीं. त्याच शहरांतील क्रायस्लर बिल्डिंग १९३० सालीं व एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालीं पुरी झाली होती, आणि त्या दोन्ही हिच्यापेक्षां उंच आहेत. असें असतां, शहरें कशीं बांधावीं याचा अभ्यास करणारे लोक आज इतकीं वर्षें याच ठिकाणाकडे पुनःपुन्हां वळतात. याचें कारण शोधावयाचें तर मान वर करून भागणार नाहीं. पायथ्याची जमीन, खिडक्यांचा उजेड व तेथें राबलेले लोक यांजकडे पाहावें लागेल.

प्रथम जमिनीचा पूर्वेतिहास. इ. स. १८०१ मध्यें ही जागा त्या वेळच्या शहरापासून तीन मैलांहून अधिक दूर होती. डॉ. डेव्हिड होसॅक नांवाच्या वैद्यकाच्या अध्यापकानें ती घेऊन तेथें वनस्पतींची बाग केली. विद्यार्थ्यांनीं औषधी झाडें केवळ पुस्तकांत न पाहतां मातींत उगवलेलीं पाहावीं, हा त्याचा हेतु. परंतु बागेचा खर्च एकट्यास झेपेना. तेव्हां ती त्यानें न्यूयॉर्क राज्याच्या सरकारास सुमारें ७४ हजार डॉलरांस विकली. १८१४ सालीं सरकारनें ती कोलंबिया कॉलेजास देऊन टाकली. कॉलेजास त्या वेळीं रोकड पैका हवा होता. गांवाबाहेरच्या जमिनीचें त्यास फारसें कौतुक वाटलें नाहीं. पुढें शहर वाढत वाढत तेथवर आलें, घरें उभीं राहिलीं, आणि विद्येच्या त्या संस्थेस घरबसल्या भाडें मिळूं लागलें. शाळा-कॉलेजांच्या चालकांनीं मिळालेली जमीन विकून टाकण्याची घाई कां करूं नये, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

१९२८ सालीं ह्या जमिनीपैकीं सुमारें १२ एकर जमीन धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांनीं कॉलेजापासून भाडेपट्ट्यानें घेतली. वर्षाचें भाडें ३० लाख डॉलरांहून अधिक ठरलें. हे गृहस्थ प्रसिद्ध तेलसम्राटाचे एकुलते पुत्र. बाप्टिस्ट मंडळीचे सभासद, दारूस न शिवणारे, व तरुणपणीं पवित्र शास्त्राचा वर्ग चालविणारे. हिंदुस्थानांतील मिशनकार्याशींहि त्यांचा एक संबंध आहे. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील अमेरिकन मिशनांच्या कामाची मोठी चौकशी होऊन १९३२ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या चौकशीच्या खर्चाचा मोठा भार यांनींच उचलला होता. आमच्यासारख्या मिशन शाळांचें काम कसें चालतें व कसें चालावें, याचाहि विचार त्या अहवालांत आहे.

जमीन घेतली तेव्हां बेत असा होता कीं, मध्यभागीं मेट्रोपोलिटन ऑपेरा या संस्थेनें आपलें नवें संगीतनाट्यगृह बांधावें, आणि त्याच्या भोंवतीं दुकानें व कचेऱ्या काढून त्यांच्या भाड्यांतून सर्व खर्च भागावा. ऑक्टोबर १९२९ मध्यें न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ऑपेरा संस्थेनें आपलें अंग काढून घेतलें. बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. रॉकफेलर यांनीं अंदाज केला नव्हता असें नाहीं. पण हिशेबांतील मोठा भागीदारच उठून गेला आणि पट्टा मात्र यांच्या गळ्यांत राहिला. जुन्या घरांचें जें भाडें येई, तें कॉलेजास द्यावयाच्या रकमेच्या जवळपासहि जात नसे.

आतां त्यांच्यापुढें दोन वाटा होत्या. नुकसान सोसून स्वस्थ बसावें, किंवा मंदीच्या ऐन भरांत, भाडेकरू मिळण्याची शाश्वति नसतां, स्वतःच्या पैशानें व कर्जानें बांधकाम सुरू करावें. त्यांनीं दुसरी वाट धरली. पुष्कळ लेखक या निश्चयास निव्वळ परोपकार म्हणतात. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. बांधलें नसतें तर तोटा निश्चित होता. बांधलें तर कदाचित् भरून येईल, असा हा व्यापाऱ्याचा हिशेब होता. तथापि त्या वर्षांत असाच हिशेब करूं शकणारे दुसरेहि धनिक होते, आणि त्यांतील बहुतेकांनीं तिजोरी बंद ठेवणें पसंत केलें, हेंहि विसरतां येत नाहीं. १९३३ सालीं अमेरिकेंत कामकरी लोकांपैकीं सुमारें चतुर्थांश लोक बेकार होते. या एका जागेवर बांधकामाच्या काळांत ४० हजारांहून अधिक माणसांस काम मिळालें.

बांधण्यापूर्वीं पाडावें लागतें. या जागेवर २२८ घरें होतीं. तीं बहुतेक सर्व जमीनदोस्त झालीं आणि सुमारें ४,००० भाडेकरूंना बिऱ्हाडें हलवावीं लागलीं. कांहीं घरांत, दारूबंदीचा तो काळ असल्यामुळें, चोरून दारू विकण्याचे अड्डे होते. दारूस न शिवणारा मनुष्य पट्ट्याच्या योगानें त्यांचाहि जमीनदार झाला होता! पण अड्डे कांहीं थोडे. बाकीचे साधे खोल्या भाड्यानें घेऊन राहणारे लोक होते. त्यांचें पुढें काय झालें हें सेंटरच्या गौरवग्रंथांत शोधून फारसें सांपडत नाहीं. सहाव्या ॲव्हेन्यूकडील दोन कोपऱ्यांवरचे दोन लहान घरवाले मात्र हटले नाहींत. एका कोपऱ्यावर किराणा विकणारा होता, दुसऱ्यावर दारूचें दुकान होतें. एवढ्या धनवंतापुढें त्यांनीं मान तुकविली नाहीं. आणि कायदा त्यांच्या बाजूचा असल्यामुळें ७० मजल्यांच्या इमारतीस त्या दोन बुटक्या घरांना वळसा घालून उभें राहावें लागलें.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे उजेड. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या दक्षिण भागांत इक्विटेबल नांवाची एक इमारत अशी उभी राहिली कीं, रस्त्याच्या कडेपासून तिची भिंत सरळ आकाशांत गेली आणि आसपासच्या इमारतींवर दिवसभर सांवली पडूं लागली. लोकांनीं गिल्ला केला, व पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, शहरानें कायदा केला. इमारत ठराविक उंचीवर गेली म्हणजे तिनें पायरीप्रमाणें मागें सरत जावें. मात्र एकूण जागेच्या चतुर्थांशावर कितीहि उंच चढण्यास मोकळीक राहावी, असा त्याचा सारांश. लहान तुकड्याच्या मालकास या चतुर्थांशाचा उपयोग काय? पण १२ एकर एकाच्या हातीं असले म्हणजे कोठें बुटकें बांधावें, कोठें मोकळें सोडावें आणि कोठें उंच जावें, हें ठरवितां येतें. सेंटरची सारी रचना या सवलतींतून निघाली आहे.

मुख्य इमारतीच्या रचनेंत रेमंड हूड नांवाच्या शिल्पज्ञाचा हात विशेष होता. खिडकीपासून २७ फुटांपलीकडे दिवसाचा उजेड कामास येण्याजोगा पोंचत नाहीं, असें त्यांनीं धरलें. म्हणून कचेरीची कोणतीहि जागा खिडकीपासून त्याहून दूर असूं नये, असा नियम ठरविला. उंच इमारतींत हा नियम पाळणें वाटतें तितकें सोपें नाहीं. तिच्या पोटांत लिफ्टांचे उभे मार्ग असतात व त्यांचे गट पाडलेले असतात. एक गट खालच्या मजल्यांपुरता, दुसरा मधल्यांपुरता, तिसरा शेवटपर्यंत. खालच्या गटाच्या लिफ्टा जेथें थांबतात, तेथून वर त्यांच्या मार्गाची जागा रिकामी होते. सामान्य बांधणारा त्या जागेंतहि खोल्या काढील आणि भाडें वाढवील. पण त्या खोल्या खिडकीपासून दूर व अंधाऱ्या होतील. हूड यांनीं उलट केलें. लिफ्टांचा एक गट संपला कीं तितकी बाहेरची भिंतच त्यांनीं आंत ओढून घेतली. यामुळें इमारत वर जाईल तशी पातळ होत गेली आणि खिडकीपासूनचें अंतर मात्र खालीं वर तेंच राहिलें. दुरून पाहणारास ही पायऱ्यापायऱ्यांची आकृति शोभेकरितां केली असें वाटतें. खरें पाहतां ती लिफ्टांच्या हिशेबानें झाली आहे. नभोवाणीच्या खोल्यांना उजेडाची गरज नसते, उलट बाहेरचा आवाज नको असतो. म्हणून त्या खिडक्या नसलेल्या खोल भागांत घातल्या. ज्यास जें हवें तें त्यास दिलें, एवढेंच. हूड १९३४ सालीं वारले. सर्व समूह पुरा झालेला त्यांस पाहावयास मिळाला नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा. आषाढांत आभाळ भरून आलें असतां वर्गांतील दिवे मालवावे. खिडकीपासून टेप धरून दर पांच फुटांवर खडूची खूण करावी, आणि प्रत्येक खुणेवर उभें राहून लहान टाइपांतील मजकूर वाचावा. अक्षर दिसेनासें होतें तें अंतर वहींत टिपून ठेवावें. खिडकी जितकी उंच तितका उजेड खोलवर जातो, ही गोष्टहि लक्षांत येईल. पालकांनीं घरीं अभ्यासाची जागा नेमतांना हाच प्रयोग केला तर मुलांच्या डोळ्यांस तो उपकारक होईल.

उजेडाप्रमाणेंच जमिनीचा विचार. पांचव्या ॲव्हेन्यूवर सहा सहा मजल्यांच्या दोन बुटक्या इमारती आहेत. एक ब्रिटिशांच्या नांवाची व दुसरी फ्रेंचांच्या नांवाची. म्हणून त्यांच्या मधून जी फुलझाडांची उतरती वाट आंत जाते तिला त्या दोन देशांमधील खाडीवरून ‘चॅनल गार्डन्स’ हें नांव पडलें. वाट उतरती असल्यामुळें चालणारा मनुष्य न कळत आंत ओढला जातो. पुढें रस्त्याच्या पातळीखालीं एक चौक खणलेला आहे, त्याच्या कडेला प्रॉमिथ्यूसची सोनेरी मूर्ति आहे आणि तिच्या मागें मुख्य इमारत उभी आहे. उंच इमारत पाहण्यास तिच्यासमोर मोकळी जागा लागते, ही साधी गोष्ट त्या शहरांत अनेक धनिकांच्या ध्यानांत आली नव्हती. दुकानें, कचेऱ्या, टपालघर, नाट्यगृहें, मोटारी ठेवण्याची जागा, हें सर्व आंतल्या आंत जोडण्यास भुयारी वाटा आहेत. पावसांत वा बर्फांत माणूस न भिजतां एका इमारतींतून दुसरींत जातो. माल आणणाऱ्या मोटारी रस्त्यांत उभ्या राहूं नयेत म्हणून त्यांना रस्त्याखालीं ३० फुटांहून अधिक खोल नेणारा उतार केला आहे. हा उतार आमच्या मतें सोनेरी मूर्तीपेक्षां अधिक कौतुकास्पद आहे. आपल्याकडील कोणत्याहि बाजारपेठेंत सकाळीं माल उतरत असतां मुलांस शाळेची वाट कशी काढावी लागते, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास तसें वाटण्याचें कारण सांगावयास नको.

सर्वच बेत साधले असें मात्र नव्हे. खणलेल्या चौकाभोंवतीं उंची दुकानें काढलीं. पण गिऱ्हाइकें खालीं उतरेनात. तेव्हां १९३६ सालच्या नाताळच्या दिवशीं तेथें बर्फ गोठवून स्केटिंगची जागा केली. ती तात्पुरती म्हणून केली होती, आणि तीच आज त्या स्थळाची ओळख होऊन बसली आहे. दोन नाट्यगृहांपैकीं सुमारें ६,००० आसनांचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल चालू आहे. दुसरें सेंटर थिएटर १९५४ सालीं पाडलें गेलें. आणखी एक बाब वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. हें सारें अंगण लोकांच्या पायांखालचें असलें तरी लोकांच्या मालकीचें नाहीं. मधून जाणारा रॉकफेलर प्लाझा नांवाचा रस्ता खासगी असून, त्यावरील मालकी हक्क बुडूं नये म्हणून तो वर्षांतून एक दिवस बंद ठेवण्याचा प्रघात आहे. उरलेले दिवस तेथें कोणासहि बसतां येतें. ही उदारता कीं व्यापार, असें कोणी विचारलें तर दोन्ही, असेंच उत्तर द्यावें लागेल. कारण चौकांत माणसें जमलीं म्हणजे भोंवतालच्या दुकानांचें भाडेंहि वाढतें.

आतां बांधणाऱ्यांविषयीं. १९३१ सालच्या नाताळाच्या सुमारास जागेवर अजून खड्डे, चिखल व फोडलेला खडक यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. तेथील मजुरांनीं आपसांत वर्गणी काढून सुमारें २० फूट उंचीचें एक सूचिपर्णी झाड आणून उभें केलें. त्यावर घरच्या मंडळींनीं केलेल्या कागदाच्या माळा व क्रॅनबेरी फळांच्या माळा होत्या. कांहीं ठिकाणीं चक्क पत्र्याचे डबे लटकाविले होते. २४ डिसेंबरास त्या झाडाजवळ रांग लावून त्यांनीं आपला पगार घेतला. त्या दिवसाचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. ज्या वर्षीं शहरांत फुकट भाकरीसाठींहि रांगा लागत होत्या, त्या वर्षीं पगाराच्या रांगेंत उभें राहणें म्हणजे काय, हें त्या माणसांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मालकानें झाड लावण्याचा हुकूम दिला नव्हता. दोन वर्षांनंतर, १९३३ पासून, चालकांनीं ती रीत आपलीशी केली, आणि आतां तेथें दरवर्षीं प्रचंड झाड उभें राहतें व तें पाहण्यास लक्षावधि लोक जमतात.

दुसरें एक छायाचित्र याहून अधिक प्रसिद्ध आहे. २० सप्टेंबर १९३२ रोजीं घेतलेल्या त्या चित्रांत अकरा कामगार पोलादी तुळईवर ओळीनें बसून जेवत आहेत आणि त्यांच्या पायांखालीं सारें शहर पसरलें आहे. माणसें खरी, तुळई खरी. पण चित्र मुद्दाम योजून, इमारतीच्या जाहिरातीकरितां घेतलें होतें. मुलांनीं तें जरूर पाहावें, मात्र हें ठाऊक असूं द्यावें. आम्हांस पहिलें चित्र अधिक आवडतें.

एका कलहाचाहि उल्लेख केला पाहिजे. मुख्य इमारतीच्या दिवाणखान्यांत भित्तिचित्र काढण्याचें काम मेक्सिकोचे विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांस दिलें होतें. त्यांनीं चित्रांत लेनिन यांचा चेहरा रंगविला. तो काढावा असें मालकांचे पुत्र नेल्सन यांनीं लिहिलें. रिव्हेरा यांनीं मानलें नाहीं. मे १९३३ मध्यें काम थांबवून त्यांस ठरलेले सर्व २१ हजार डॉलर देण्यांत आले, आणि फेब्रुवारी १९३४ मध्यें चित्र फोडून टाकण्यांत आलें. आपल्या भिंतीवर काय असावें हें ठरविण्याचा हक्क मालकास आहे, व लेनिनच्या मतांशीं आमचें मुळींच जुळत नाहीं. तरीहि चित्र पडद्याखालीं झांकून ठेवणें शक्य असतां हातोड्यानें फोडावें, हें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. रिव्हेरा यांनीं तेंच चित्र १९३४ सालीं मेक्सिको शहरांत पुन्हां काढलें, आणि तें तेथें आहे. म्हणजे फोडणारांस फोडल्याचें फळहि मिळालें नाहीं.

इमारती उठल्या तरी भाडेकरू सहज आले नाहींत. जे येत त्यांच्या जुन्या जागेचे पट्टे रॉकफेलर यांचे लोक आपल्या अंगावर घेत. यामुळें इतर घरमालकांच्या कचेऱ्या ओस पडूं लागल्या, आणि १९३४ सालीं त्यांतील एकानें १ कोटी डॉलरांचा दावा लावला. एकीकडे हजारों मजुरांस काम मिळत होतें व दुसरीकडे शेजारच्या इमारतींतले दिवे विझत होते. मंदींत बांधण्याची ही दुसरी बाजू होय. १ नोव्हेंबर १९३९ रोजीं रॉकफेलर यांनीं स्वतःच्या हातानें शेवटचा रिव्हेट ठोकला, तेव्हां मूळ योजनेच्या १४ इमारती पुऱ्या झाल्या.

पुढचा इतिहास थोडक्यांत असा. कोलंबिया विद्यापीठानें जमीन १९८५ पर्यंत हातची सोडली नाहीं. त्या सालीं ती ४० कोटी डॉलरांस रॉकफेलर यांच्या कंपनीस विकली. होसॅक यांस मिळालेल्या ७४ हजारांशीं ही रक्कम ताडून पाहावी. त्याच वर्षीं शहरानें सेंटरला संरक्षित वास्तूंत घेतलें. १९८९ सालीं जपानच्या मित्सुबिशी एस्टेट कंपनीनें कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. तेव्हां अमेरिकेंत फार आरडाओरड झाली, पण सहाच वर्षांनीं, १९९५ सालीं, भाडीं उतरल्यामुळें सेंटरचें दिवाळें निघालें आणि तोटा त्या जपानी कंपनीसच झाला. २००० सालीं टिशमन स्पायर कंपनीनें शिकागोच्या क्राउन कुटुंबासह तें १८५ कोटी डॉलरांस घेतलें. मुख्य इमारतीचें नांव प्रथम आर. सी. ए., १९८८ पासून जी. ई. व २०१५ पासून कॉमकास्ट असें बदलत गेलें आहे. तिचा पत्ता मात्र ३०, रॉकफेलर प्लाझा हाच आहे.